बाबांच्या घोट्यातली पट्टी

१९ जानेवारी २०२५, रविवार

बाबा काल संध्याकाळी स्टुलावरून पडले. भटवाडीत आमच्या गावच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं, मागचा पडदा बांधायचा होता. साठी उलटलेल्या माणसाने स्टुलावर चढायची काही गरज नव्हती. पण मंडळात दोरी बांधायची म्हटली की शिवदासभाऊच. त्यांनी मारलेली गाठ सुटत नाही असं सगळे म्हणतात आणि बाबांना ते फार आवडतं. गाठ सुटली नाही. स्टूल सरकलं.

उजव्या पायाचा घोटा मोडलाय. घाटकोपरच्याच एका हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. सूज उतरली की ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू घालणार आहेत.

डॉक्टर बोलायला आले तेव्हा आई, माझा भाऊ सुशांत आणि मंडळाचे लोक एकदम मागे सरले आणि मी एकटी पुढे उरले. घरात शिकलेली मी पहिली. बाबा गावच्या शाळेत चौथीपर्यंत, आई शाळेत गेलीच नाही, सुशांतने बारावी अर्ध्यात सोडली. त्यामुळे बँक, रेशनकार्ड, विजेचं मीटर आणि आता हाड, सगळं माझ्याकडे. मी अंधेरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. हाडांचं मला काय कळणार? तरी मान डोलावली. डॉक्टर बोलले त्यातलं निम्मं नंतर मोबाइलवर शोधलं.

बाबांना सांगितलं, "थोडं मोडलंय."

२३ जानेवारी

काल ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणाले. गुडघ्यापासून खाली सगळं बँडेज आणि प्लास्टर, फक्त बोटं बाहेर. बोटं गरम आहेत ना ते बघत राहायला सांगितलंय. बाबांची शुगर वाढलीय म्हणून आठवडाभर तरी इथेच ठेवतील.

वॉर्डात प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी हात चोळायच्या औषधाची बाटली टांगलेली आहे. सुशांतने ती बाबांना दाखवली आणि म्हणाला, "अत्तर आहे, लावा." बाबांनी खरंच मनगटाला लावलं आणि नाकापाशी नेलं. एवढं सगळं होऊन दोघांना हसायला सुचतं.

मला सुचत नाही. मी घरी जाऊन जंतुनाशक साबणाने कोपरापर्यंत हात धुते, मग पुन्हा धुते. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्यात. चुरचुरतं. पण हॉस्पिटल म्हणजे शेवटी हॉस्पिटल.

आल्यावर आणि निघताना बाबांच्या पाया पडले. शाळेच्या पहिल्या दिवसापासून ते चुकलेलं नाही, आणि या दिवसांत तर चुकवणारच नाही.

२६ जानेवारी

सुट्टी, म्हणून अख्खं मंडळ लोटलं. चपात्या, शहाळी, देवीचा अंगारा. एकेक जण पलंगापाशी येतो, वाकतो, बाबांच्या पायाला हात लावतो, तो हात छातीला लावतो, मग "कसं काय भाऊ?" मी शेवटी पलंगाच्या पायथ्याशी उभीच राहिले. "लांबून करा नमस्कार. इन्फेक्शन होतं." एक काका आईला म्हणाले, "जानकीवहिनी, पोरगी शिकली ती शिकली, पण देवळाचं दार बंद केल्यासारखी उभी आहे."

बाबा नुसते हसत होते. सुशांत मला इन्स्पेक्टर म्हणायला लागलाय.

इथे गंधाली सिस्टर म्हणून आहेत. त्यांचं काम इन्फेक्शनवर लक्ष ठेवायचं. सगळ्यांवर ओरडतात, डॉक्टरांवरसुद्धा. मला वाटलं मला तरी शाबासकी देतील. तर माझे हात धरून म्हणाल्या, "हे असे कधीपासून?" मी म्हटलं, धुऊन धुऊन. "मलम लाव. आणि जरा कमी घास." भांडी घासणारीचे हात वाटले असतील त्यांना. वाईट वाटलं. मलम आणलं नाही.

सगळे गेल्यावर निघाले. बाबा झोपले होते. जागे होऊ नयेत म्हणून हळूच बोटांना हात लावून नमस्कार केला.

३० जानेवारी

बाबांना ताप. प्लास्टर कापून जी खिडकी ठेवलीय तिच्यातून जखमेची कड लाल दिसते. पू तपासायला पाठवला.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"थोडी सूज आहे."

रात्रपाळीच्या सिस्टर भल्या वाटल्या. मला सारखं सारखं हात धुताना बघून म्हणाल्या, तुमच्यासारखे नातेवाईक हवेत.

३ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू. माणसाच्या कातडीवर आणि नाकात तो असाच राहत असतो आणि धडधाकट माणसाला काही करत नाही. पण चिरलेल्या जागेतून आत गेला, तिथे पट्टीसारखं लोखंड असलं, की त्याला घर मिळतं. बाबांना जो झालाय तो हॉस्पिटलांमध्ये मुरलेला आहे. नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. "ओळखीची झालीत त्याला," असं गंधाली सिस्टर म्हणाल्या. एक-दोनच औषधं उरलीत, त्यातलं एक सलाइनमधून सुरू केलंय. बाबांना कडेच्या वेगळ्या खोलीत हलवलं.

सिस्टरनी विचारलं, आधी कधी अँटिबायोटिक घेत होते का? आई अभिमानाने म्हणाली, "कधीच नाही हो. खोकला झाला तर मेडिकलवाल्याकडच्या दोन कॅप्सूल. तिसरी लागतच नाही त्यांना." सिस्टरनी क्षणभर डोळे मिटले.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. औषध लागू पडलं तर ठीक. नाही तर पुन्हा उघडून धुवावं लागेल. हाडात उतरलं तर पट्टी काढावी लागेल, आणि त्यानेही भागलं नाही तर पायाचा विचार करावा लागेल. "पायाचा विचार" म्हणजे काय ते मी विचारलं नाही. कळलं.

आईला सांगितलं नाही. बाबांना म्हटलं, थोडे दिवस जास्त राहावं लागेल. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. तू जेवलीस का?"

कोणाच्या हाताने आलं असेल? त्या अंगारेवाल्या काकांच्या? मी स्वतः बघितलं, त्यांनी पायावर हात ठेवला होता. रागाने डोकं भणभणतंय. निघताना पाया पडले तेव्हा मनातल्या मनात देवाला सांगितलं, ज्याने केलं असेल त्याला कळू दे.

६ फेब्रुवारी

लिहू की नको, असं झालंय. पण मग वही ठेवायची कशाला.

भेटीच्या वेळी गंधाली सिस्टर दारातच उभ्या होत्या. माझ्या आणि सुशांतच्या हातावर एक पांढरं मलम ठेवलं. "चोळा आणि रोजच्यासारखं बसा." आई आज आली नव्हती, तिचं डोकं दुखत होतं. तासभर बसलो. मी बाबांना पेपर वाचून दाखवला. सुशांतने नेहमीप्रमाणे त्यांचे गाल ओढले. मी निघायला उठले तेवढ्यात सिस्टर आल्या, पडदे ओढले, दिवा बंद केला आणि हातातला निळा दिवा लावला.

ते मलम त्या उजेडात चमकतं. दाराची मूठ चमकत होती. पलंगाची कड, पाण्याची बाटली, सुशांतचा मोबाइल तर दोन्ही बाजूंनी. बाबांच्या दोन्ही गालांवर एकेक गोळा.

"बाबा, डिस्को झालात की!" सुशांत ओरडला. बाबासुद्धा हसायला लागले, आरसा मागायला लागले.

मग सिस्टरनी दिवा खाली नेला. उजव्या पायाच्या बोटांवर पाच बोटांचे ठसे. एक ठसा थेट बँडेजच्या कडेपर्यंत गेलेला.

"पायाला कोणी हात लावला?"

"आम्ही नाही," मी लगेच म्हटलं. अगदी खात्रीने म्हटलं. "मी तर कोणालाच लावू देत नाही."

सुशांत म्हणाला, "मी पाया पडत नाही हो. त्यावरून रोज शिव्या खातो."

मी माझ्या हातांकडे बघितलं. भेगांमध्ये ते मलम शिरून रेघा रेघा चमकत होत्या. आल्या आल्या पाया पडले होते. मला आठवतसुद्धा नव्हतं. ती गोष्ट मी हात लावण्यात धरतच नव्हते.

सिस्टर मला बाहेर घेऊन गेल्या. मी म्हटलं, माझ्या नाकाची तपासणी करा, हातांची करा, मला कळू दे. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या भावाची पण करू. ड्रेसिंगवाल्याची करू. माझी करू, डॉक्टरांची करू. आमच्यातल्याच कोणाकडून आलं असण्याची शक्यता जास्त आहे, हे मी तुला लिहून देईन. पण समज तुझंच निघालं. काय करणार? त्यांना दुसरी मुलगी आणून देऊ?"

मग माझ्या हातावर भेगांच्या मलमाची ट्यूब ठेवली. तडकलेल्या कातडीत जंतू जास्त बसतात, म्हणून त्या दिवशी विचारलं होतं त्यांनी.

७ फेब्रुवारी

गेले नाही. कॉलेजात पुस्तकांची मोजणी आहे असं घरी सांगितलं.

९ फेब्रुवारी

आज गेले, पण दाराच्या काचेपाशीच उभी राहिले. बाबा पलीकडे तोंड करून होते. तेच बरं. मी जवळ नसणं हीच त्यांची आत्ता सगळ्यात मोठी सेवा.

आई म्हणते ते जेवत नाहीत. इथलं जेवण अळणीच असतं. आईला म्हटलं, घरून कुळथाची पिठी घेऊन जा. नेली. तशीच परत आली.

१० फेब्रुवारी

पिठी पुन्हा परत. आई सांगत होती, बाबा दाराकडे बघत असतात. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत असेल.

११ फेब्रुवारी

दुपारी सुशांत थेट ग्रंथालयात आला. तो या कॉलेजच्या फाटकातसुद्धा कधी आला नव्हता. वाचनकक्षात सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझं काय व्रत चाललंय का? मौनव्रत? बापव्रत?"

मी म्हटलं, हळू बोल.

"हळू काय! डॉक्टर सांगतायत पाय उघडून धुवायला हवा, उद्या-परवाच. आणि तो माणूस सही करत नाही. म्हणतो, अक्षता येऊ दे. मी सांगितलं तर ऐकत नाही, आईने सांगितलं तर ऐकत नाही. डॉक्टरांना म्हणाला, तुम्ही चांगलेच आहात, पण माझी मुलगी येऊ दे. चार दिवस गेले अक्षू. वाट लागेल पायाची."

आमच्या ग्रंथपाल मॅडमनी न विचारताच मला जा म्हणून सांगितलं.

खोलीत शिरण्याआधी सिस्टरनी सांगितलं होतं तसे हात चोळले, पूर्ण वाळेपर्यंत. मग भिंतीला टेकून उभी राहिले.

"खंय होतंस गो?" बाबा चिडले किंवा हळवे झाले की मालवणीत जातात.

"कॉलेजात मोजणी..."

"हय बस."

"नको बाबा, माझ्यामुळे..."

"माझ्या पायाक कोणाचो हात लागलो ता माका नको. डॉक्टर काय सांगता ता तुज्या तोंडान सांग. आणि थोडं म्हणू नको."

"थोडं म्हणजे?" मी विचारलं.

"थोडं मोडलंय. थोडी सूज. थोडे दिवस," बाबा बोटांवर मोजत म्हणाले. "तू खोटं बोलतेस तेव्हा थोडं म्हणतेस. चार वर्षांची होतीस तेव्हापासून. 'थोडं दूध सांडलं.' आईने जाऊन बघितलं तर अख्खं पातेलं उपडं! मी इथे पडून काय करतो? तुझी थोडी मोजतो. वाढत चालली तशी मला कळलं, काम मोठं आहे. पण किती मोठं ते सांगायला कोणी नाही. मग सही कशावर करू?"

मी पलंगाजवळ गेले. बसले. सगळं सांगितलं. हा कुठला जंतू, त्याला किती औषधं उरलीत, उघडून धुतल्यावर काय होऊ शकतं. आणि मग म्हटलं, "नाहीच ऐकलं तर पाय जाऊ शकतो, बाबा."

इतकी वर्षं मी या माणसाला बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी पेन मागितलं.

सही करून पेन परत दिलं. म्हणाले, "भीती वाटते गो."

मी म्हटलं, "मलाही."

मग त्यांनी पिठी मागितली. आईने तिन्ही वेळची एकदम वाढल्यासारखी वाढली.

१३ फेब्रुवारी

उघडून धुतलं. हाड बरं आहे. पट्टी घट्ट आहे, ठेवलीय. सलाइनमधलं औषध अजून बरेच दिवस. डॉक्टर मराठीतच बोलले, पण बाबांनी मला त्याचंही पुन्हा मराठी करायला लावलं.

२० फेब्रुवारी

ताप नाही. मंडळाच्या माणसांना बाबांनी निरोप पाठवलाय, पाया पडायचं असेल त्याने आरती म्हणतो तसं लांबून पडावं. ते अंगारेवाले काका आले होते. मी त्यांना खुर्ची दिली. फार बोलता आलं नाही मला. काकांनी स्वतःहून हात चोळले आणि विचारलं, "झालं ना गं बरोबर?"

४ मार्च

बाबा घरी आले. खुर्चीत बसवून चौघांनी चढ चढवला. वर पोचेपर्यंत सगळ्या गल्लीला बाबा हात हलवत होते, पालखीत बसल्यासारखे. आता सलाइन बंद, त्याच औषधाच्या तोडीच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. दर आठवड्याला रक्त तपासायचं. सिस्टरनी बजावलंय, एकही चुकवायची नाही.

माझ्या हातांच्या भेगा भरल्या.

१६ मार्च

शिमग्याला यंदा गावी कोणीच गेलो नाही. आज दुपारी शेजारच्या कमलकाकू आल्या, हातात वाटीभर खीर. "घे गं. तुझ्या बाबांच्या गोळीने आराम पडला मला."

"कुठली गोळी?"

काकूंच्या मांडीला गळू झालं होतं. बाबांनी त्यांना आपल्या गोळ्या दिल्या. काल एक, आज सकाळी एक.

मी आत गेले. बाबा रेडिओ ऐकत होते. पुढे जे झालं ते आमच्या घरात कधी झालेलं नाही. मी बाबांवर ओरडले. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार, कारण कमलकाकूंकडचा टीव्ही बंद झाला.

"दुखत होतं तिला," बाबा म्हणाले. "बसवत नव्हतं. माझा पाय बरा होतोय, एवढं चांगलं औषध घरात आहे. औषध काय एकट्याने खायचं असतं?"

आमच्याकडे कोणीच काही एकट्याने खात नाही. गावाहून आंबे आले की पेटी घरात यायच्या आधी वाटली जाते. मला ते माहीत आहे, म्हणूनच रडायला आलं. पण मी रडता रडताच ओरडत राहिले. "तुमच्या पायातले अजून मेले नाहीत बाबा! अर्धमेले आहेत. आत्ता गोळ्या कमी पडल्या तर ते उठतील, आणि या वेळी हे औषधसुद्धा त्यांच्या ओळखीचं झालेलं असेल. मग काय देऊ तुम्हाला? आणि काकूंना दोन गोळ्या देऊन काय झालं? त्यांच्या जंतूंनाही ओळख करून दिलीत!"

आई मध्ये पडायला उठली. बाबांनी तिला हाताने थांबवलं.

"म्हणजे फुरश्यासारखं," ते हळू म्हणाले. "अर्धं मारून गवतात सोडायचं नाही."

"हो."

"असं सांग ना मग. गोळ्या गोळ्या काय करतेस."

गंधाली सिस्टरना फोन केला. आधी मी बोलणी खाल्ली, मग फोन बाबांना दे म्हणाल्या, मग बाबांनी खाल्ली. कमी पडलेल्या गोळ्या उद्या डॉक्टर लिहून देतील. नशीब, बाबांनी स्वतःचा एकच डोस चुकवला होता. काकूंना दिलेली दुसरी गोळी त्यांनी पुढच्या दिवसांच्या वाट्यातली, "नंतरची उचलली". हिशोब त्यांचा.

१७ मार्च

कमलकाकूंना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले. गळू कापून साफ केलं, पू तपासायला घेतला. त्या भारी गोळ्यांची काही गरजच नव्हती म्हणाले. काकू अर्धा रस्ता माझ्याशी अबोला धरून होत्या. बाबांना का ओरडलीस, एवढा देवमाणूस, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात त्यांनी माझा हात धरला, कारण जखम दुखत होती.

२५ मार्च

काही विशेष नाही. बाबा गोळी घेताना मला हाक मारतात. मी अंघोळीला असले तर थांबतात.

२ एप्रिल

सकाळी हॉस्पिटलला जाऊन आलो. जखम बंद झालीय. रक्ताचा रिपोर्ट चांगला. एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसतंय. घोटा थोडा आखडलेला राहील. (मी बाबांना "बराच आखडलेला" असं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.) पाय वाचला, असं डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने, स्वच्छ सांगितलं. पुढेही वर्षभर लक्ष ठेवायचं, लाली किंवा ताप दिसला की लगेच यायचं. मी दोनदा विचारून घेतलं.

सुशांत बाहेर येऊन कोणालातरी फोनवर "झकास" म्हणून ओरडला आणि मग भिंतीकडे तोंड करून नाक पुसत उभा राहिला.

संध्याकाळी शेवटची गोळी होती. सगळे बघायला जमले, कमलकाकूसुद्धा दारात. बाबांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले, घोट घेतल्याचा आवाज केला.

"आ करा," मी म्हटलं.

"अगं, गिळली."

"आ करा बाबा. जीभ वर."

त्यांनी आ केला. जीभ वर केली, डावीकडे केली, उजवीकडे केली. खरंच गिळली होती.

"झालं समाधान इन्स्पेक्टर?" सुशांत म्हणाला.

"आता तू आ कर," बाबा मला म्हणाले.

"मी कशाला?"

"कर तर. जानेवारीपासून तुझे दात बघितले नाहीत कोणी."

मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, असं माझं म्हणणं आहे. आई म्हणते, सगळे दिसले.